विहिरीवरची शीळ

मी मेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. माझं आता काही खरं नाही असं गावभर सांगत फिरणाऱ्या दोघी म्हाताऱ्या माझ्याच आधी गेल्या, आणि दोघींच्या तेराव्याला मी पोटभर जेवून आले.

लिहायला बसायचं कारण असं झालं. मागच्या आठवड्यात खालापूरकडची एक बाई आपल्या सुनेला घेऊन आमच्या दारी आली. नेरळपर्यंत आगगाडीनं आणि पुढं कळंबच्या रस्त्यानं बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत. कर्जतच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, ‘त्या गावात एक बाई आहे, तिला हाच रोग झाला होता. जा, तिला एकदा डोळ्यांनी बघून या.’ म्हणजे मी आता बघायची वस्तू झाले आहे, देवळासारखी. सून विशीतली पोर, घोंगडीत नाकापर्यंत गुंडाळलेली. मी विचारलं, “घरात खिडकी उघडी ठेवता का?” तर सासू म्हणते, “छ्या! वारं बाधंल ना. समदी भोकं चिखलानं बुजवलीत.”

माझं डोकंच फिरलं. दारातच त्या बाईला असं काही सुनावलं की गाडीवान बैल सोडायचा विसरला. घोंगडीतनं पोरगी मात्र खुदकन हसली. तिला वाचता येतं म्हणाली. तेव्हा हे तिच्यासाठी लिहिते आहे, आणि तिच्यासारख्या ज्या कुणी कुठं अंधाऱ्या खोलीत पडून आढ्याकडं बघत असतील त्यांच्यासाठी. औषधं मी सांगणार नाही, ती डॉक्टरांना विचारा. मी सांगणार आहे ती आमच्या विहिरीवरच्या शिळेची गोष्ट.

*

चैत्र होता. मी आणि सासू भात कांडत होतो. उखळाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी, एक घाव तिच्या मुसळाचा, एक माझ्या. खोकला होळीच्या आधीपासूनच मागं लागला होता, पण खोकल्याला कोण विचारतं? तेवढ्यात ठसका आला. तोंडावर हात धरला तरी उखळातल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर लाल शिंतोडा उडालाच.

सासूनं मुसळ थांबवलं. वरचे तांदूळ मुठीनं काढून बाजूला टाकले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “हिरडीतनं आलं असंल.”

“व्हय, आत्या. हिरडीतनंच,” मी म्हटलं. दोघींनाही ठाऊक होतं की हिरडीतनं आलेलं नाही. पण तेवढं भात आम्ही कांडून संपवलं.

आमचे हे तेव्हा कर्जतच्या यार्डात होते, घाटात गाडी ढकलणाऱ्या इंजिनांवर कोळसा भरायच्या कामाला. घाटात नुकतेच विजेचे खांब उभे राहत होते आणि कोळशावरची सगळी माणसं आपलं पुढं काय म्हणून धास्तावलेली. त्यात माझी ही भर. रविवारी घरी आले ते मला गाडीत घालून डॉक्टरांकडं घेऊन गेले.

डॉक्टरांनी नळी लावली. पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, बाजारात माठ घेताना बघतात तसं. थुंकी काचेवर घेऊन मुंबईला पाठवली आणि उत्तर आल्यावर परत बोलावलं. त्या दिवशी त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं आणि यांना खुणेनं बाहेर बोलावलं. मी उठले आणि दोघांच्या मागोमाग बाहेर गेले.

“रोग माज्या छातीत हाय,” मी म्हटलं, “आणि त्यास्नी भायेर नेऊन काय सांगताय? मला सांगा.”

डॉक्टर चांगला मनुष्य. जरा चपापले, मग सरळ माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, “क्षय आहे, बाई. डाव्या बाजूला.”

“मरनार का मी?”

“ते आज सांगता येणार नाही. पण मरायलाच पाहिजे असंही काही नाही.”

“मग नाय मरनार,” मी म्हटलं. म्हटलं खरं, पण यांनी दंड धरला नसता तर तिथंच पायरीवर बसले असते. परतीच्या वाटेत हे बैलांच्या शेपट्यांकडं बघत होते आणि मी यांच्या पाठीकडं. त्या पाठीचा सदरा भिजलेला होता, आणि ऊन तर केव्हाच उतरलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. रात्रंदिवस उघड्या हवेत पडून राहायचं. दूध, अंडी, मिळेल तेवढं. थुंकी जाळायची. ताट-तांब्या वेगळा. लहान मूल जवळ नको. आणि बोलणं कमी. बाकीचं सगळं मी पाळलं.

*

आमच्या घराच्या मागं पडवी आहे आणि पडवीच्या पुढं परसू. केळी, अळू, एक रामफळाचं झाड, जास्वंदी, आणि टोकाला दगडी विहीर. विहिरीलगत बैलांना पाणी पाजायची दगडी डोण. त्यापलीकडं ओढा आणि मग डोंगर. पडवीला भिंत म्हणून कारवीच्या काटक्यांचा कुड होता, शेणानं सारवलेला. पुढच्या रविवारी यांनी कोयता घेतला आणि परसाच्या बाजूचा अख्खा कुड तोडून काढला.

सासू ओरडत आली. “घर फोडतोस व्हय रं? लोक काय म्हनतील?”

“हवा पायजे तिला,” एवढंच बोलले आणि तोडत राहिले. आमच्या यांनी आईसमोर मान वर केली ती जन्मात तेवढीच एकदा. मी खाटेवर पडल्या पडल्या ते बघत होते आणि मला यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

सगुणाला, माझ्या तीन वर्षांच्या लेकीला, दहिवलीला माझ्या माहेरी पाठवलं. तिचा निरोप मी पडवीतनंच घेतला, ती रामफळाखाली आणि मी खाटेवर. त्या दिवसाचं जास्त लिहीत नाही.

मग सुरू झाले ते दिवस. सकाळी कोमट दूध आणि कच्चं अंडं. ते गिळताना नाक दाबून धरायचं. करवंटीत राख घालून ठेवलेली, तीत थुंकायचं. सासू ती करवंटी काठीनं ओढून नेऊन चुलीत जाळायची. दुपारी ताप चढायचा, संध्याकाळी घामानं उतरायचा. शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन, पदर नाकाला लावून विचारायच्या, “कसं काय हाय?” मी म्हणायची, “झकास. आत या की जेवायला.” पळून जायच्या लेकाच्या!

सासू माझ्याजवळ येत नसे. ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि हातभर मागं सरायची. मला राग यायचा. पण भात कालवायला घेतला की खाली तुपाची धार लपवलेली सापडायची, आणि घरात तूप किती होतं ते मला माहीत होतं.

भीती कसली वाटायची म्हणाल, तर मरणाची नाही. एकदा माझा भाऊ सगुणाला घेऊन आला आणि परसाच्या टोकाला उभा राहिला. मी हात हलवला. पोर मामाच्या धोतराआड लपली आणि म्हणाली, “मामा, ती कोन?” भाऊ तिला घेऊन गेल्यावर मी तोंडावर गोधडी ओढून घेतली आणि गुरासारखी रडले. आणि मग ठरवलं, की काय वाट्टेल ते होवो, मी या खाटेवरनं उठणार आणि त्या पोरीला माझ्या हातानं न्हाऊ घालणार.

*

आषाढ लागला आणि एका पहाटे शीळ ऐकू आली.

झुंजुमुंजू व्हायच्या जरा आधीची वेळ. पाऊस थांबलेला, केळीच्या पानांवरनं थेंब गळत होते. विहिरीच्या बाजूनं कुणीतरी शीळ घालत होतं. चांगली गोड, माणसाची शीळ. पण एक सूर धरून नाही. वर चढायची, मध्येच रेंगाळायची, विसरल्यागत थांबायची, परत भलतीकडनंच सुरू व्हायची. कामात हात असलेला मनुष्य मनाशी शीळ घालतो ना, अगदी तशी. मला वाटलं कुणी वाटसरू ओढ्यावर आला असेल. उजाडलं आणि शीळ बंद झाली.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तीच शीळ. तिसऱ्या दिवशी मी मान वळवली तर मधल्या दारात सासू उभी. हातातलं शेणाचं घमेलं तसंच कमरेवर आणि चेहऱ्याला रंगच नाही.

“ऐकलंस का गं?” ती म्हणाली.

“ऐकलं की. कोन हाय?”

“नाम्या हाय,” सासू म्हणाली.

नामा माझा धाकटा दीर. माझं लग्न व्हायच्या आधीच, मानमोडीच्या साथीत गेला. तेव्हा घराघरातनं माणसं नेली जात होती आणि खांदा द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. अठरा-एकोणीसचा पोरगा, लग्न ठरलं होतं. बैलांचं सगळं तोच बघायचा. आमच्याकडं बैलाला पाण्यावर नेलं की माणसानं शीळ घालायची असते, म्हणजे बैल मान खाली घालून निवांत पितो. नाम्याची शीळ म्हणे कळंबच्या बाजारातल्या बैलांना ओळखू यायची. तो गेल्यावर घरात शीळ घालणारं कुणी राहिलं नाही. यांना ती येत नाही, तोंडानं नुसती हवा निघते. बाईमाणसानं शीळ घातली तर घराला दोष लागतो. मी लहानपणी भावांच्या संगतीनं शिकले होते, तर आईनं तोंडावर फटकन मारलं होतं. नाम्याचा एक बैल म्हातारा होऊन अजून दावणीला होता, पवळ्या. सासूनं तो विकू दिला नाही. डोणीवर नेऊन ती जिभेनं चुक् चुक् करायची आणि पवळ्या दोन घोट पिऊन मान वर काढायचा.

आता पहाटे शीळ आली की पवळ्या दाव्याला हिसके द्यायचा, विहिरीकडं कान करायचा. ते मीही बघितलं. त्यात भर म्हणून विहिरीच्या काठावर सकाळी खेकड्यांच्या नांग्या आणि फुटकी कवचं पडलेली सापडायला लागली. सासू ती पदरात घेऊन आली आणि मला दाखवून म्हणाली, “नाम्याला खेकडं लय आवडायचं.”

लग्नाआधी मेलेला पोरगा मुंजा होऊन पाण्याजवळ राहतो असं आमच्याकडं मानतात. आणि मुंजा घरातल्या तरण्या बाईला धरतो. म्हणजे झालं की! खोकला मुंज्याचा, ताप मुंज्याचा, रक्त मुंज्याचं. डॉक्टर येडा ठरला. सासूनं सगळ्यांना विहिरीकडं फिरकायला बंदी केली, पाणी पन्हळीचं भरायला सुरुवात केली आणि पलीकडच्या गावच्या भगताला सांगावा धाडला.

भगत येऊन बघून गेला. त्यानं सांगितलं, हिला विहिरीसमोर उघड्यावर टाकलीत, इथंच चुकलं. कुड परत बांधा, फटी बुजवा, धूर करा, डॉक्टरचं औषध बंद. अमावस्येला मी येतो आणि हिच्या पोटाला बिब्ब्याचे डाग देऊन त्याला सोडवतो.

त्या रविवारी यांच्याशी मी भांडले. बोलणं कमी ठेवायचं होतं ना, ते सगळं त्या दिवशी भरून काढलं. “कुड बांधलात तर मी मरनार. धुरात माजी छाती फुटंल. तुमाला ठावं हाय का नाय?”

“हाय ठावं,” हे खाली बघत म्हणाले. “पन आई रोज पहाटे दारात बसून रडते गं. दहा वर्सांनी पोरगा आला म्हनते. तिला काय सांगू मी?”

“तिला सांगा, त्यो पोरगा नाय.”

“मग कोन हाय?”

कोण आहे ते मला तरी कुठं माहीत होतं? आणि खरं सांगते, दारात बसलेली सासू मीही बघितली होती. ती घाबरत होती, पण दर पहाटे उठून त्या शिळेची वाटही बघत होती. भगताला बोलावणारी तीच आणि शीळ थांबली की डोळे पुसणारीही तीच. पण तिला पोरगा परत मिळायचा तर माझ्या पोरीची आई जाणार होती. मी ठरवलं, की अमावस्येच्या आत हा शीळकरी कोण ते मी शोधणार. खाटेवरनं.

*

पडून राहणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. त्याला दुसरं काम नसतं. मी पहाटे जागी राहून कान लावला. पहिली गोष्ट कळली ती ही, की शीळ एकाच उंचीवरनं येत नाही. एकदा विहिरीपाशी, मग रामफळाच्या शेंड्यावर, मग ओढ्याच्या दगडांतनं, आणि मधल्या वेळात पावलाचा आवाज नाही. माणूस असता तर त्या चिखलात पचक पचक वाजलं असतं. मुंजा असेल तर त्याला पाय नसतात, हे सासूनं ऐकवलंच. बरं.

मग बघायला लागले. अंधारात रामफळाच्या फांदीवर एक काळा गोळा दिसायचा, उजाडायच्या आत नाहीसा व्हायचा. एका सकाळी ढग फाटले आणि उन्हाची तिरीप सरळ डोणीवर पडली. तिथं एक पाखरू उभं होतं. साळुंकीपेक्षा चांगलं थोराड, कावळ्याहून लहान. आधी वाटलं नुसतं काळं आहे. मग ते वळलं आणि खांद्यावर असं निळं चमकलं, की मी हाताच्या कोपरावर उठून बसले. कपाळावरही निळी पट्टी, गोंदल्यागत. चोच काळी, पाय काळे आणि लांब. शेपटी पंख्यासारखी उघडायचं आणि मिटायचं. असलं पाखरू मी दहिवलीत बघितलं नव्हतं आणि इथंही नाही. ते उडी मारून अळवात गेलं आणि खेकडा ओढत बाहेर आलं. डोणीच्या काठावर आपटलं, परत आपटलं, नांग्या उडवून टाकल्या आणि मऊ मऊ तेवढं गिळून विहिरीच्या तोंडाशी गेलं. तिथं बसून त्यानं घसा मोकळा केला आणि शीळ घातली. उजेडात, माझ्या डोळ्यांसमोर!

मला इतका आनंद झाला की मीही ओठ जुळवले आणि त्याला उलट शीळ घातली. अर्धीच निघाली. ठसका आला आणि करवंटी लाल झाली. तरी मी हसत होते. सासूला वाटलं असणार, मुंज्यानं आता पुरतीच धरली.

तिला सांगितलं तर म्हणाली, “पाखरू मानसासारकं शीळ घालतं व्हय? तुज्या तोंडून त्योच बोलतोय.”

यांच्याजवळ डॉक्टरांना निरोप धाडला. रंग, चोच, पाय, खेकडा, सगळं पाठ करून घेतलं यांच्याकडनं. पुढच्या खेपेला हे आले ते हसतच. डॉक्टर माथेरानला रोगी बघायला जात असत. ते म्हणाले होते, ‘कस्तुरा असावा. माथेरानच्या दऱ्यांत पावसाळ्यात पहाटे माणसासारखी शीळ घालतो. तिला विचार, खांद्याला निळं चमकतं का?’

“मी आधीच सांगितलं हुतं का नाय निळं!” मी म्हटलं.

पण सासूपुढं डॉक्टरांचं काय चालणार? “डाक्तर काय बगायला आला व्हता का?” ती म्हणाली. आणि कुडासाठी कारवीच्या मोळ्या अंगणात येऊन पडल्या. अमावस्या दुसऱ्या दिवशी होती.

*

अमावस्येच्या पहाटे शीळ सुरू झाली तशी मी उठले. डॉक्टरांनी खाटेवरनं पाय खाली ठेवायला बंदी केली होती. ती मोडली. तुम्ही मोडू नका, मला दुसरा इलाज नव्हता. खांबाला धरत मधल्या दारापर्यंत गेले. सासू तिथं नेहमीसारखी बसली होती. मी तिचा हात धरला. चैत्रापासून मी कुणाला हात लावला नव्हता आणि मला कुणी लावला नव्हता. ती दचकली, हात ओढायला लागली.

“चला, आत्या. आपला नामा हाय ना? मग भ्यायचं काय? त्याला भेटू.”

“मला न्हेऊ नगंस गं,” ती म्हणाली. पण तिचे पाय चालत होते. तिला यायचंच होतं.

आम्ही दोघी केळीच्या आड चिखलात बसलो. मला उभं राहवत नव्हतं, मी तिच्या अंगावर रेलले आणि तिनं मला ढकललं नाही. शीळ अगदी डोक्यावर चालली होती. हळूहळू दिसायला लागलं. पाखरू रामफळावरनं खाली आलं, चोचीत काहीतरी घेऊन विहिरीच्या काठावर बसलं, आणि आत उतरलं. मी सासूला हाताला धरून विहिरीशी नेलं. आतल्या बाजूला एक चिरा निखळून कोनाडा झाला होता. त्यात मुळ्या आणि चिखलाचं घरटं, आणि घरट्यात तीन उघडी तोंडं, पिवळी, भुकेनं नुसती थरथरणारी. वर दगडावर पाखरू खांदे निळे करून आमच्याकडं रागानं बघत होतं. मग ते रामफळावर गेलं आणि चोच उघडून त्यानं शीळ घातली. सासूनं ती चोच हलताना बघितली.

मला वाटलं होतं मी म्हणेन, ‘बघा, सांगत नव्हते?’ पण मी नुसता तिचा हात घट्ट धरला. म्हातारी विहिरीच्या काठावर बसली.

“माजा नाम्या नाय त्यो,” ती म्हणाली. आणि मग जी रडली! दहा वर्षांपूर्वी तिला रडायलाही सवड मिळाली नव्हती, घरात आणखी तिघं तापानं पडली होती. ते सगळं तिथं निघालं. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत होते. जिंकले होते मी, पण मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

दुपारी भगत आला. मला ताप चढला होता, पण मी कान टवकारून पडले होते. सासू दारात उभी राहिली.

“माज्या सुनेला छातीचा रोग हाय,” तिनं भगताला सांगितलं. रोगाचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. “तिला हवा लागती. तुमी परत जा.”

“आणि तुजा मुंजा?” भगत म्हणाला.

“पोरांचा बाप हाय त्यो. त्याला कामं हायत. जा तुमी!”

कारवीच्या मोळ्या चुलीत गेल्या. त्या चालण्याचा दंड म्हणून मी आठ-पंधरा दिवस तापानं फणफणले आणि डॉक्टरांनी निरोपातनंच माझी खरडपट्टी काढली. पण सासू त्या दिवसापासून ताट उंबऱ्यावर ठेवीना. खाटेशी आणून द्यायची. पिल्लं उडून जाईपर्यंत तिनं विहिरीला घागर लावू दिली नाही. भर पावसात ओढ्यावरनं पाणी आणायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, “आमच्या हिरीत बाळंतीन हाय.”

*

बरं होणं हे असं एका दिवसात झालं नाही. वर्ष गेलं, दुसरं निम्मं गेलं. मध्ये एकदा परत रक्त पडलं आणि मी देवाला शिव्या दिल्या. त्यानं मनाला लावून घेतलं नसावं. वजन चढलं, खोकला सुटला. दुसऱ्या आषाढात कस्तुरा परत आला. त्या पहाटे सासूनंच मला हलवून उठवलं, “उठ गं, आला बग.”

खालापूरच्या पोरी, तू घरी गेल्यावर आधी चिखल काढ त्या भोकांतला. तुझ्या घराजवळ कस्तुरा नसेल. नसू दे. कावळा बघ, मुंगी बघ, पण डोळे उघडे ठेवून काहीतरी बघ, आणि कुणी काही सांगितलं तर आपण बघितल्याशिवाय मानू नकोस. आणि भांड. हा रोग गरीब स्वभावाच्या माणसाला लवकर खातो, असं माझं मत आहे. डॉक्टरांना ते पटत नाही.

डॉक्टरांनी छाती ठोकून ‘मोकळी आहे’ म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सगुणा घरी आली. तिला मी न्हाऊ घातलं. ती ओरडली, पळाली, साबण डोळ्यांत गेला म्हणून मला मारलं. मी मार खाल्ला.

त्याच संध्याकाळी मी पवळ्याचं दावं सोडलं. सासू म्हणाली, राहू दे, मी नेते. मी म्हटलं, आज मी नेणार. डोणीत विहिरीचं पाणी ओतलं, घागर माझ्या हातानं ओढून. पवळ्यानं दोन घोट घेतले आणि सवयीनं मान वर काढली. मी इकडं तिकडं बघितलं. कुंपणापलीकडं शेजारीण भांडी घासत होती. असू दे म्हटलं. छाती भरून वारं घेतलं, डाव्या बाजूला अगदी तळापर्यंत, आणि शीळ घातली. लांब, सरळ, मध्ये न तुटता. शेजारणीच्या हातातलं भांडं पडलं. पवळ्याचे कान हलले आणि त्यानं मान खाली घातली.

माझ्या मागं पडवीत सासू होती. ती काय बोलते म्हणून मी थांबले.

“थांबलीस का?” सासू म्हणाली. “घाल अजून. त्याचं पानी झालं नाय.”